शाबासकीचा फलक

प्राथमिक शाळेच्या वर्गात शिरताच समोरच्या भिंतीवर पुष्कळदा एक चित्रफलक दिसतो. एखाद्या फलकावर निष्पर्ण झाड रेखाटलेले असते आणि वर्गाने दिवस शिस्तीत पार पाडला की त्याच्या फांदीवर कागदाचे एक हिरवे पान चिकटविले जाते. दुसऱ्या एखाद्या फलकावर आगगाडी डोंगर चढत असते. ज्या गटाने गलका न करता काम पुरे केले, त्याचा डबा एक स्थानक पुढे सरकतो. झाड पानांनी भरले किंवा गाडी माथ्यावर पोहोचली म्हणजे गोष्टीचा तास, खेळाचा जादा तास किंवा लहानशी सहल मुलांच्या वाट्याला येते. वरवर पाहता ही सारी शिक्षकाच्या हौसेची आणि रंगीत कागदांची करामत वाटते. परंतु या फलकाला सुमारे सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याच्या आरंभाचा एक धागा हिंदुस्थानच्या भूमीत गुंतलेला आहे. मुलांच्या वर्तनाचा हिशेब सर्वांसमोर मांडावा की नाही, आणि मांडला तर तो कोणाच्या नावे मांडावा, हा त्या इतिहासातील कळीचा प्रश्न होय.

एक शिक्षक आणि समोर बसलेली अनेक मुले, ही शाळा नावाच्या संस्थेची मूळ अडचण आहे. घरी आईबापांचे लक्ष एका-दोघांवर असते. शाळेत ते चाळीस-पन्नास जणांत वाटले जाते. या अडचणीवर शतकानुशतके जवळजवळ सर्व देशांनी एकच उपाय केला, आणि तो म्हणजे छडी. आपल्याकडील पंतोजीच्या शाळेची छडी आणि इंग्लंडातील वेताची छडी यांत जातीचा फरक नव्हता. छडीला पर्याय शोधण्याचा पद्धतशीर प्रयत्न अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला, आणि त्याचे एक आरंभस्थान मद्रास हे शहर होते.

अँड्र्यू बेल हा स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे जन्मलेला धर्मोपदेशक १७८७ साली हिंदुस्थानात आला. १७८९ साली मद्रासजवळच्या एग्मोर येथे युरोपीय सैनिकांच्या निराधार मुलग्यांसाठी निघालेल्या अनाथाश्रमाची व्यवस्था त्याच्याकडे आली. पगारी शिक्षक थोडे होते आणि जे होते ते आपली चाकोरी सोडण्यास तयार नव्हते. अशा स्थितीत बेलच्या दृष्टीस एक देशी शाळा पडली. इंग्रज लोक तिला त्या काळी ‘मलबारी’ शाळा म्हणत. तेथे मुले जमिनीवर वाळू पसरून तीत बोटाने अक्षरे गिरवीत होती. मराठी वाचकाला हे दृश्य नवे नाही. आपल्याकडील धूळपाटी ती हीच. मुलांनीच मुलांना शिकविण्याची चालही या देशात जुनी होती. १६२३ साली आजच्या कर्नाटकातून प्रवास करणाऱ्या पिएत्रो देल्ला व्हाल्ले या रोमन प्रवाशाने, देवळाच्या ओसरीत वाळूवर अंक लिहून आणि सुरात म्हणून एकमेकांचा पाठ पक्का करून घेणारी मुले पाहिल्याची नोंद ठेवली आहे.

बेलने धूळपाटी आपल्या आश्रमात आणली. शिक्षकांनी तिला नकार दिला, तेव्हा त्याने जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या मुलालाच खालच्या वर्गाचा शिक्षक केले. प्रयोग साधला आणि हळूहळू साऱ्या शाळेचे अध्यापन मुलांच्या हाती गेले. त्याबरोबर शिस्तीचा प्रश्नही नव्या रीतीने सुटू लागला. अपराधांची नोंद वहीत होई आणि तिचा निवाडा मुलांच्याच पंचमंडळासमोर चाले. फटक्याची जागा लेखी नोंदीने घेतली आणि शिक्षकाच्या रागाची जागा बरोबरीच्या मुलांच्या मताने घेतली. १७९६ साली बेल मायदेशी परतला आणि दुसऱ्याच वर्षी त्याने आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. ही पद्धती पुढे ‘मद्रास पद्धती’ या नावाने प्रसिद्धीस आली.

नोंद वहीतून भिंतीवर आणण्याचे काम मात्र जोसेफ लँकेस्टर या दुसऱ्या माणसाने केले. क्वेकर पंथाच्या या तरुणाने १७९८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, लंडनच्या साऊथवर्क भागात गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. मुले शेकड्यांनी येऊ लागली. त्यांना सांभाळण्यासाठी त्याने वरच्या वर्गातील मुलांना नायक नेमले, आणि एक शिक्षक हजार मुलांना पुरतो अशी ग्वाही तो देऊ लागला. एवढ्या मुलांना छडीने आवरणे अशक्य होते आणि क्वेकर मताला मारहाण मान्यही नव्हती. १८०३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात लँकेस्टरने बक्षिसांची मोठी यंत्रणा वर्णिली आहे. प्रत्येक मुलाच्या अंगावर त्याच्या वर्गातील क्रमांकाची पट्टी असे. वरच्याला चूक आली आणि खालच्याने ती सुधारली की पट्ट्यांची अदलाबदल होई. गुणवंतांच्या गळ्यात पदके असत. चेंडू, बॅटी, पतंग आणि चित्रे मुलांच्या डोक्यावर टांगून ठेवलेली असत, म्हणजे काम करता करता बक्षीस सतत डोळ्यांसमोर राही.

याच यंत्रणेत आजच्या सांघिक फलकाचा पूर्वज सापडतो. लँकेस्टरने वर्गावर्गांतही चढाओढ लावली. हस्ताक्षरात किंवा पाठात सरस ठरलेल्या वर्गाला त्याच्या गौरवाची चिठ्ठी मिळे. ती सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावली जाई आणि दुसरा कोणताही वर्ग आव्हान देऊन ती हिसकावून घेऊ शके. बक्षिसाची किंमत कवडीची, पण तिच्यासाठी मुले जिवाचे रान करीत, हे लँकेस्टरने अचूक हेरले होते. कागदाच्या कपट्याला मोल येते ते तो सर्वांच्या दृष्टीस पडतो म्हणून. फलकाचे सारे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे.

त्याचा धोकाही तेथेच आहे. जे डोळे यशाची वाहवा करतात, तेच अपयशाची नाचक्की करतात. लँकेस्टरने मारणे टाळले, पण लाजविण्याचे नाना प्रकार शोधून काढले. खोड्या करणाऱ्याच्या मानेत लाकडाचा ओंडका अडकवीत, कोणाच्या पायांना लाकडी बेड्या घालीत, तर कोणाला टोपलीत बसवून छताला टांगीत. खाली बसलेली सारी शाळा पिंजऱ्यातल्या पाखराकडे पाहावे तशी त्याच्याकडे पाहून हसे. वर पतंगही टांगलेले आणि मुलगाही टांगलेला! रॉबर्ट सदी या इंग्रज कवीने १८११ साली या शिक्षांवर कठोर टीका केली. बेलचा पक्ष आणि लँकेस्टरचा पक्ष यांत मूळ कल्पना कोणाची यावरून वाद माजला आणि त्यात धर्मपंथांचे वैरही मिसळले. त्या वादळात मूळ प्रश्न बाजूला पडला. लाज हे छडीहून सौम्य साधन आहे की केवळ व्रण न दाखविणारी छडी आहे, हा तो प्रश्न होता.

मद्रासेहून निघालेली ही पद्धती काही वर्षांतच समुद्र ओलांडून पुन्हा हिंदुस्थानात आली. १८२२ साली मुंबईत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या आणि १८२७ पासून ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने लँकेस्टरच्या पद्धतीचा पुरस्कार केला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचे चिटणीस होते. या संस्थेने मराठी आणि गुजराती शिक्षक तयार केले आणि ते १८२६ साली जिल्ह्याजिल्ह्यांतील शाळांवर पाठविण्यात आले. धूळपाटीवर शिकलेल्या लोकांना धूळपाटीवरून स्फुरलेली पद्धती विलायती म्हणून परत मिळाली, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल.

त्याच काळात स्कॉटलंडमध्ये एका गिरणीमालकाने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच गावात तपासून पाहिल्या. रॉबर्ट ओवेनने १८०० साली न्यू लॅनार्क येथील सूतगिरणीचा कारभार हाती घेतला. तेथील प्रत्येक कामगाराच्या जागी चार बाजूंचा एक लहान लाकडी ठोकळा त्याने टांगला. काळा, निळा, पिवळा आणि पांढरा असे त्याच्या बाजूंचे चार रंग होते आणि आदल्या दिवशीच्या वागणुकीप्रमाणे त्या त्या रंगाची बाजू पुढे केली जाई. काळा रंग वाईट वर्तनाचा, पांढरा उत्कृष्ट वर्तनाचा. याला ‘मूक नायक’ असे नाव होते. मालक गिरणीतून फेरी मारी, रंग पाही आणि एक शब्दही न बोलता पुढे जाई. हाच ओवेन लँकेस्टरचा चाहता होता; त्याच्या सन्मानार्थ १८१२ साली ग्लासगोत झालेल्या भोजनसमारंभाचे अध्यक्षस्थान त्याने भूषविले होते. पण १ जानेवारी १८१६ रोजी त्याने कामगारांच्या मुलांसाठी संस्था उघडली, तेव्हा तेथे ठोकळेही टांगले नाहीत आणि पदकेही वाटली नाहीत. बक्षीस आणि शिक्षा या दोहोंना त्या शाळेत मज्जाव होता. मोठ्यांना जे चालेल ते वाढत्या वयाच्या मुलांना चालेलच असे नाही, कारण बक्षिसासाठी चांगले वागणारे मूल चांगुलपणापेक्षा बक्षिसावर प्रेम करावयास शिकते, अशी या शाळेची भूमिका होती.

ओवेनचा हा विचार जवळजवळ एका शतकाने मारिया माँटेसरी यांच्या प्रयोगात पुन्हा प्रकटला. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. तेथील एक प्रसंग त्यांनी लिहून ठेवला आहे. एका मुलाच्या गळ्यात शाबासकीचे पदक होते, आणि दुसऱ्या मुलाला शिक्षा म्हणून खुर्चीवर एकटे बसविले होते. पदकवाला आपल्या कामात इतका गर्क होता की ये-जा करताना पदक गळून पडले तरी त्याला त्याचे काही वाटले नाही. खुर्चीवरच्या मुलाने ते उचलले आणि ‘तुला नको असेल तर मी घालतो,’ अशा अर्थाचे काहीतरी म्हणून त्याने समाधानाने स्वतःच्या गळ्यात घातले. ज्याला कामाची गोडी लागली त्याला पदक नको असते, आणि पदकाने रमतो तो कामाविना बसलेला असतो, असा बोध माँटेसरींनी यातून घेतला. हा विचार घेऊन गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तो १९३६ मध्ये दादरच्या शिशुविहारात आणि १९४५ पासून बोर्डीच्या किनाऱ्यावरील ग्रामीण व आदिवासी बालकांपर्यंत नेला. महाराष्ट्रातील बालशिक्षणात इनाम आणि शिक्षा या जोडगोळीविषयी जो संशय पुढे रुजला, त्याचे पुष्कळसे श्रेय या परंपरेकडे जाते.

हा सारा वाद तत्त्वांच्या पातळीवर चालला होता. वर्गात प्रत्यक्ष मोजमाप करून त्याची परीक्षा घेतली गेली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेतील कॅन्सस राज्यात. बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ या तिघांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेला ‘सद्वर्तनाचा खेळ’ आजच्या सांघिक फलकाचा साक्षात जनक होय. चौथीच्या एका वर्गात २४ मुले होती. त्यांतील सातजणांना मुख्याध्यापकांकडे वारंवार पाठवावे लागे. गणिताच्या तासाला वर्गाचे दोन संघ करण्यात आले. परवानगीवाचून जागा सोडली किंवा मध्येच बोलले की त्या मुलाच्या संघापुढे फळ्यावर खडूची एक खूण होई. ज्याच्या खुणा कमी तो संघ जिंके. पण या नियमाला एक पुस्ती होती: दोन्ही संघांच्या खुणा पाच किंवा त्याहून कमी असतील तर दोन्ही संघ विजयी! जिंकणाऱ्यांना विजयाचे बिल्ले मिळत, तक्त्यावर नावापुढे तारा चिकटविला जाई, जेवणाच्या रांगेत पहिला मान मिळे आणि दिवसाची शेवटची तीस मिनिटे आवडीच्या कामासाठी मोकळी मिळत.

परिणाम विलक्षण होता. खेळापूर्वी निरीक्षणाच्या दर शंभर कालखंडांपैकी सुमारे ९६ कालखंडांत कोणीतरी अवेळी बोले आणि ८२ कालखंडांत कोणीतरी जागेवरून उठे. खेळ सुरू झाल्यावर हे आकडे अनुक्रमे १९ आणि ९ वर आले. याचे कारण समजण्यास कठीण नाही. वर्गातील खोडीचे खरे बक्षीस असते ते सोबत्यांचे हसू. शिक्षक रागावला तरी शेजारचा हसला, एवढ्याने खोडकर मुलाचे काम होते. संघाचे यशापयश एकत्र बांधले गेले की ते हसू आपोआप आटते. लँकेस्टरची चिठ्ठी एका वर्गाने दुसऱ्याकडून हिसकावून घ्यावी लागे. कॅन्ससच्या फळ्यावर दोघांनाही जिंकता येत होते. दीडशेहून अधिक वर्षांच्या प्रवासात बक्षिसाची वस्तू फारशी बदलली नव्हती. बदलला होता तो जिंकण्याचा नियम, आणि तोच बदल महत्त्वाचा ठरला.

पण त्या प्रबंधातील एक बारीकशी नोंद आकड्यांहून अधिक विचार करावयास लावते. वर्गातील दोन मुले खुणांवर खुणा मिळवीत राहिली. त्यांतील एकाने तर आपण यापुढे हा खेळ खेळणारच नाही, असे ठासून सांगितले. त्यांच्यापायी इतरांचे नुकसान का व्हावे, असे शिक्षिकेला आणि मुलांनाही वाटले. शेवटी त्या दोघांना संघातून वेगळे काढून त्यांचा हिशेब स्वतंत्र ठेवण्यात आला. सांघिक बक्षिसाचे न्यून येथे उघडे पडते. समूहाला बांधून ठेवणारी दोरी कमकुवत मुलाच्या गळ्याला काचते. पूर्वी सोबती त्याच्या खोडीवर हसत. आता ते त्याच्यावर चिडतात. दुसरेही न्यून त्याच प्रयोगात दिसले. खेळ काही दिवस थांबविताच जुना गोंधळ परत आला.

ही दोन्ही न्यूने ध्यानात घेऊन बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या शेपर्ड केलम यांनी १९८५ पासून १९ सरकारी शाळांतील पहिलीच्या मुलांबरोबर मोठा प्रयोग मांडला. शांत आणि दांडगी मुले प्रत्येक संघात सारखी वाटली जातील अशी काळजी घेतली गेली. चार किंवा त्याहून कमी खुणा असलेला प्रत्येक संघ विजयी ठरे. आरंभी खेळ आठवड्यातून तीन वेळा, दहा-दहा मिनिटे चाले आणि बक्षीस लगेच मिळे. पुढे खेळाचा अवधी वाढत गेला, तो न सांगता सुरू होऊ लागला आणि बक्षीस दिवसाअखेर किंवा आठवड्याअखेर मिळू लागले. फलकाने हळूहळू डोळ्यांआड व्हावे आणि सवय मागे राहावी, अशी ही योजना होती. ही मुले वयाच्या १९ ते २१ वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा विचारपूस झाली. नेहमीच्या वर्गांतील मुलग्यांपैकी ३८ टक्के पुढे मादक द्रव्यांच्या आहारी गेलेले आढळले. खेळ खेळलेल्या वर्गांतील मुलग्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. पहिलीत सर्वाधिक दांडगाई करणाऱ्या मुलग्यांना या खेळाचा लाभ विशेष झाला होता. ज्यांना कॅन्ससच्या वर्गात संघाबाहेर जावे लागले, तशाच मुलांना बाल्टिमोरने संघात ठेवून घेतले होते.

यावरून सर्वत्र फलक लावावेत असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे होईल. इंग्लंडातील ७७ प्राथमिक शाळांत हाच खेळ तपासला गेला. २०१८ साली त्याचा अहवाल आला, तेव्हा मुलांच्या वाचनात किंवा वर्तनात सरासरीने काही सुधारणा आढळली नाही. त्याआधी १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत ओवेन आणि माँटेसरी यांची शंका कसोटीला लावली होती. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना सोनेरी तारा आणि लाल फीत असलेल्या प्रशस्तिपत्राचे आमिष आधी दाखविण्यात आले. पुढे मोकळ्या वेळात तीच मुले, आमिष न दाखविलेल्या मुलांच्या मानाने जवळजवळ निम्मा वेळच चित्रे काढताना दिसली. ज्या कामात मूळचा आनंद आहे, त्यावर बक्षिसाचे वजन टाकले की आनंद दबतो. म्हणून फलकाचे क्षेत्र मर्यादित आहे. रांग लावणे, पाळीने बोलणे, वस्तू जागच्या जागी ठेवणे अशा समूहात राहण्याच्या सवयींसाठी त्याचा उपयोग आहे. वाचनाच्या, चित्राच्या किंवा गाण्याच्या गोडीसाठी तो फारसा कामाचा नाही.

या पार्श्वभूमीवर पाना-पानाने भरणाऱ्या झाडाच्या चित्राकडे पुन्हा पाहिले, तर त्याची रचना सहज झालेली नाही हे लक्षात येते. त्यावर कोणाचे नाव नसते, म्हणून कोणाची नाचक्की नसते. त्यात भर पडते, चिकटविलेले पान कोणी काढून घेत नाही. त्यामुळे एका दिवसाच्या चुकीने कालची कमाई बुडत नाही. झाड साऱ्या वर्गाचे असते, म्हणून ते दुसऱ्याकडून हिसकावून घ्यावे लागत नाही. आणि पाने पुरी झाली की चित्र उतरविले जाते. वर्ग त्यावाचून चालतो की नाही, हे तेव्हाच कळते. याउलट ज्या फलकावर खोडकर मुलांची नावे लाल अक्षरांत रोज झळकतात, तो कितीही रंगीत असला तरी लँकेस्टरच्या टोपलीचाच वंशज होय. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने, त्याच्या सतराव्या कलमान्वये, भारतातील शाळांत शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे. छडी ओळखणे सोपे असते. भिंतीवरची लाज ओळखण्यास शिक्षकाचे जागरूक मन लागते.

मद्रासच्या वाळूत ज्या प्रयोगाचा आरंभ झाला, त्याने छडी खाली ठेवता येते हे दाखवून दिले. छडी ठेवून उचललेल्या प्रत्येक नव्या साधनाची परीक्षा मात्र वर्गातील हुशार आणि शांत मुलांवरून होत नाही. ती मुले कोणत्याही फलकाखाली चांगलीच वागतात. ‘मी खेळणार नाही’ असे म्हणणाऱ्या मुलासाठीही झाडावर एक पान राखून ठेवलेले आहे काय, हे पाहूनच त्या साधनाची पारख करावी लागते.